ताकाला कुणी येईना

आमच्या घरी तेव्हा दोन म्हशी दुभत्या होत्या. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं ताक विकायची पद्धत नव्हती. ज्याच्या घरी दुभतं त्यानं द्यायचं, नसेल त्यानं गडवा घेऊन यायचं. सकाळी मी रवी फिरवायला बसले की शेजारच्या बायका ओसरीत जमायच्या. सासूबाई मधोमध बसून पळीनं ताक वाढायच्या, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते विचारून घ्यायच्या. ताक हे निमित्त. बाईला माणसं लागत.

मग त्यांच्या छातीत गाठ आली. त्यांनी ती वर्षभर पदराआड लपवली. हट्टी बाई! गाठ फुटून चोळी भिजायला लागली तेव्हा कुठं मला कळलं. आम्ही बैल जुंपले आणि त्यांना दमणीत घालून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की फार उशीर झाला, आता कापून उपयोग नाही. मला म्हणाले, "पाणी उकळून जखम धुवत जा. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नसतो. आणि त्यांना एकटं ठेवू नका."

मी विहिरीवर सगळ्यांना हे सांगितलं. बायकांनी मान डोलावली, घागरी उचलल्या आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताकाला येणं कमी झालं. कुणाच्या घरी खोकला, कुणाला आंबट वर्ज्य. साऱ्या गावाला एकदम खोकला! खरं कारण मला मागाहून कळलं. ज्या हातानं घाव धुते त्याच हातानं लोणी काढते, असं माझ्याबद्दल बोलत होत्या. मी राखेनं हात घासून घासून सालटी काढली होती, ते कुणी बघायला आलं नाही. असा संताप यायचा की गडवे हिसकून विहिरीत टाकावेत.

नवरा दिवसभर शेतात. घरात आम्ही दोघी, आणि त्या घावाचा वास. मी घाव धुवायची, फडकी उकळायची, त्यांना पेज भरवायची. रडायला आलं तर गोठ्यात जायची. दिवसभरात 'तू जेवलीस का' एवढंही विचारणारं कुणी नव्हतं.

सासूबाई आतल्या खोलीत पडून असायच्या. रवीचा आवाज थांबला की विचारायच्या, "कोन आलं व?"

ओसरीत तर आता कुणीच नसायचं. एकदा मी मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, काकू आल्या! या काकू, बसा. आज थोडं आंबट झालं बरं का!" आणि पळीनं गडव्यात ताक ओतल्याचा आवाज केला. पुढं रोजच सुरू झालं. मी रिकाम्या ओसरीशी बोलायची, हसायची, कुणाच्या लेकीची चौकशी करायची. मग सगळं ताक गोठ्यात नेऊन म्हशीच्या वगारीपुढं ठेवायची. बाहेरून कुणी बघितलं असतं तर मलाच वेड लागलं म्हणाले असते.

एका सकाळी घाव धुताना सासूबाई म्हणाल्या, "काहून व, गावातल्या बायका मुक्या झाल्या का?"

मी फडकं पिळून घेतलं.

"तुह्या एकटीचाच आवाज येते. वगारीचं पोट फुगलं असन ताक पिऊन."

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. त्याही रडल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मले मराचं भेव नाई पोरी. पन कोनी दारात न येता मी जाईन, याचं लय वाईट वाटते."

त्या आठवड्यात पिंजारीण आली. तिचा नवरा गावात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. ती महिनाभर माहेरी होती, आल्यावर तिला कळलं. पदरात पिंजलेल्या कापसाचा मोठा गोळा घेऊन आली. "घाव के नीचे रखो. अच्छा पिंजा है, टोचायचं नाही," म्हणाली. मग दुसऱ्या हातातला गडवा पुढं केला. मी ताक ओतलं. ती ते घेऊन घरी गेली नाही. सरळ आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि सासूबाईंच्या समोर घटाघटा प्याली.

"क्या बाई, नमक कम डाला बहूने!"

"मी उठली की घालतो," सासूबाई म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज खणखणीत आला.

पिंजारीण माझ्याकडे वळली. "जा, आंग धुवून ये, जरा पड. मैं बैठती." मी भर दिवसा गोठ्याशेजारच्या बाजेवर पडले ती मेल्यासारखी झोपले. मग ती रोज येऊ लागली. सासूबाई तिची वाट बघत असायच्या. बाकी कुणी आलं नाही.

पेरण्या आटोपल्या आणि सासूबाई गेल्या. तेरवी झाली. खोली सारवली, अंथरूण जाळलं, वास गेला. दुसऱ्या सकाळी मी रवी फिरवायला बसले आणि ओसरीत चपला वाजल्या. शेजारच्या काकू होत्या, मागं आणखी दोघी, हातात गडवे.

"ताक हाय काय व?"

त्यांना काय काय सुनवायचं ते मी किती दिवस मनात घोकून ठेवलं होतं. पण सवयीनं मान आतल्या खोलीकडे वळली आणि तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, काकू आल्या!"

काकूंनी गडवा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मी पळी घेतली आणि तिघींचे गडवे काठोकाठ भरले.