मुंजाबाचा खरा रंग

वैजनाथरावांचा कुणावरच भरवसा नव्हता. टँकरचं पाणी आलं की आधी हुंगायचे. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या स्टुडिओत एखादं गिऱ्हाईक ‘फोटो छान आलाय’ म्हणालं, तरी ‘हा असं का म्हणाला असेल?’ यातच त्यांची दुपार जायची. आता बोला!

शेंद्र्याच्या राजाबाईंनी नवऱ्याचा, मुंजाबाचा, फोटो मोठा करायला टाकला होता. त्याचा जन्म मेंढरांमागं गेला. मागं राहिला तो हा एकच, काळा-पांढरा. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, नवं घर झालं. तिथं परवाच्या वर्षश्राद्धाला तो भिंतीवर हवा होता.

रंगीत शाईतून काळा-पांढरा फोटो काढला की कसली तरी झाक येतेच. म्हणून वैजनाथरावांनी बाजारातल्या शाईवाल्या कारभारीकडून एक काळ्या आणि दोन राखाडी शाईच्या बाटल्या आणल्या. फोटो छापून कंप्युटरच्या पडद्याशेजारी धरला, तर मुंजाबा हिरवट!

“कारभारी, बाटलीत काय भरलंस रे?” भर बाजारात विचारलं.

“काका, काय मजाक करता! सील तुमच्यापुढंच फोडलं की.”

“सील कुणालाही लावता येतं.”

मग संशय पोरावर. हिमांशूनं त्यांच्या कंप्युटरमध्ये घालून दिलेलं सॉफ्टवेअर रंगीत शाईचा शिडकावा मिसळून झाक घालवायचं. “फुकटातलं दिसतंय,” म्हणत वैजनाथरावांनी त्यात गुलाबी वाढवलं, आणखी वाढवलं. आता कसा मुंजाबा ठीक राखाडी दिसू लागला.

राजाबाई फोटो घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचं घोंगडं काखेत मारून परत आल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, त्याचंही भान नव्हतं.

“दादा, ह्यो आमचा मालक नाय. हे घोंगडं बघा कसं काळंभोर. अन् हेच फोटोत? गुलालात लोळल्यागत!”

वैजनाथरावांनी फोटो पाहिला. साफ राखाडी. “घरी तुम्हीच काहीतरी सांडलं असणार आणि पुसलं असणार!”

“मी खोटं बोलते व्हय?” राजाबाई भडकल्या, फोटो उचलून रस्त्यावर उतरल्या. बाई फोटोचं काय करील याचा भरवसा नाही, म्हणून वैजनाथराव मागोमाग धावले. उन्हात मुंजाबा गुलाबी. हातातून घेऊन दुकानात आणला, राखाडी. परत उन्हात नेला, गुलाबी. त्यांनी मान वर केली.

दारातला लिंब रस्ता रुंद करताना तोडला होता. सावली गेली म्हणून चैतात हिरवी जाळी ताणली होती, त्यांनीच, स्वतःच्या हातानं. सारं दुकान त्या हिरव्या उजेडात बुडालं होतं. जगाला तपासणाऱ्या या माणसाला डोक्यावरचं तेवढं दिसलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी जाळी ओढून काढली. कारभारीला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मग सॉफ्टवेअरमधलं सगळं गुलाबी काढून टाकलं, नवा फोटो छापला आणि उन्हात राजाबाईंसमोर धरला.

राजाबाईंनी एकदा घोंगड्याकडं पाहिलं, एकदा फोटोकडं. आणि लगबगीनं पदर डोक्यावर ओढून घेतला.