आज किती वेळ चाललं?

मामंजींचं हृदय थकलंय असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही त्यांना लखनौला, महानगर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी आणलं. हृदय का थकतं, हाच माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं, आता काळजी नको. माझं औषध मात्र अजून प्रयोगशाळेतच अडलेलं होतं.

एकदा चहा पिताना मी त्यांना सांगितलं, हृदयाच्या पेशीत कॅल्शियम मोकळं झालं की ती आकसते, ते पुन्हा आवरून ठेवलं की सैल होते. दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ पानवाल्याला सांगून आले, "भैया, चूना ज़रा ज़्यादा!" चुन्यात कॅल्शियम असतं ना! जीभ भाजून घेतली ती वेगळीच. मी भडकले.

"अहो, कॅल्शियम कमी नाही पडलंय तुम्हाला. तुमच्या पेशींना ते आवरणं जमत नाहीये. म्हणून त्या धड आकसत नाहीत की धड सैलावत नाहीत."

"मग दाखव तरी मला," ते म्हणाले.

म्हणून त्यांना प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या नळीला टांगलेलं, तिच्यातून येणाऱ्या द्रावणावर जिवंत ठेवलेलं गिनीपिगचं हृदय मंद धडधडत होतं. त्यात आमचं नवं औषध सोडलं, तसं ते जोमानं उसळू लागलं. मामंजींचे डोळे चमकले.

"हे मला दे."

मी त्यांना पाहत राहायला सांगितलं. थोड्या वेळानं ठोके चुकायला लागले आणि हृदय थांबलं. दर वेळी असंच होत होतं.

ते खचतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "इतकी राबतेस. वाईट वाटत असेल गं." मलाच रडू आलं.

त्यानंतर आम्ही औषधाचा रेणू इथे-तिथे बदलून पाहत राहिलो, आणि संध्याकाळी मी घरी आले की मामंजींचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती वेळ चाललं?" शेजारच्या भाभींना ते सांगत, "बहू की दवा अभी कच्ची है, पकने दीजिए."

शेवटी ते इस्पितळात होते. उशांना टेकून बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. मी प्रयोगशाळेतून थेट तिथे गेले. त्यांनी भुवया उंचावून तेच विचारलं. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"थांबलं, मामंजी. पण आज उशिरा थांबलं."

"उशिरा ना?" त्यांनी माझा हात थोपटला. मग शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "उद्या माझ्यासाठी रजा घेऊ नकोस."