माझे दात, दुसरीचं नाव

“जरा हस बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी हसले. नोकरीच होती ती माझी. नोएडाच्या नव्याकोऱ्या सेक्टरात, जिथे रस्त्यांच्या आधी बड्यांच्या कोठ्या, म्हणजे बंगले, उभे राहिले, तिथे बाईंचा दातांना तारा लावायचा दवाखाना. मी फोन उचलायची, नावं लिहायची. आणि एखादी मुलगी तारांना घाबरून रडायला लागली, की तिच्यासमोर उभी राहून हसायची.

“देखा?” त्या मुलीची आई म्हणाली. “तार नहीं लगवाओगी तो ऐसी हो जाओगी.”

मुलीचं रडणं गपकन थांबलं. मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसली.

काय सांगू माझ्या दातांचं! पुढचे दोन माझ्याआधी बसमध्ये चढायचे. कंडक्टरनं त्यांचं वेगळं तिकीट मागितलं नाही, हे त्याचे उपकार. खालच्यांनी भावकीसारख्या वेगळ्या चुली मांडलेल्या. डाव्या सुळ्याचा टवका लहानपणी अक्रोड फोडताना उडालेला, दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमागे. वडील सरकारी कचेरीत शिपाई. पहाडगंजच्या मराठी शाळेत पोरं मला ‘किसणी’ म्हणायची. पण ती फुकट चिडवायची. बाई त्याचा पगार द्यायच्या.

त्या वर्षी आपल्या देशाच्या पोरी जगात सुंदर ठरल्या होत्या. अख्ख्या नोएडाला एकाएकी दातांचं वेड लागलं. प्रत्येक आईला घरात एक मुकुट हवा होता.

रिया त्यातलीच. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. दर महिन्याला तारा आवळून घ्यायला यायची, गाडीतून उतरताच कण्हायची, “बहुत दर्द होता है.” मला वाटायचं, दे ना मग मला ते दुखणं! तारांवर तिची रंगीत रबरं. या महिन्यात निळी, पुढच्या महिन्यात गुलाबी. हेवा असा, की ती नुसती शेजारून गेली तरी माझ्या अंगावर फोड यावेत. एकदा मी फायलीची पिन सरळ केली, दातांवरून वाकवली आणि आरशात पाहिलं. ओठ फाटला. तीन दिवस मऊ भात. पण ती दोन मिनिटं मी रिया होते.

होळीच्या सुमारास बाईंनी मला स्वतःहून खुर्चीत बसवलं. तोंडात गुलाबी लगदा कोंबून दातांचं माप घेतलं. लगदा घशापर्यंत गेला, डोळ्यांतून पाणी आलं. “बघू तुझं काहीतरी,” त्या म्हणाल्या. “तू तर आपल्यातली.” झालं! मला तारा लागणार, हे मी आईला सांगितलं. आईनं क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीला सांगितलं. मी रबरांचा रंग ठरवून टाकला. हिरवा.

दिवाळी आली. तारा आल्या नाहीत. वेटिंगमध्ये एक काचेचं कपाट आलं.

“पुसून घे,” बाई म्हणाल्या.

आत प्लास्टरचे दोन जबडे. खाली पाट्या. ‘रिया, पहले.’ ‘रिया, बाद में.’ दुसरा रियाचाच, मोत्यांची ओळ. पहिल्याच्या डाव्या सुळ्याला टवका होता.

फडकं हातातच राहिलं. रियाचे दात मुळात एवढे वाकडे नव्हतेच. गिऱ्हाइकाला धडकी भरवायला माझे हवे होते.

त्याच दुपारी रिया आली. तारा निघालेल्या, सोबत मावशी. मावशीनं कपाटात डोकावून पाहिलं. “हाय राम, ऐसे थे?”

“छी!” रिया किंचाळली. “ये मेरे नहीं हैं! इतने गंदे मेरे कभी नहीं थे!”

“बेटा, सब भूल जाते हैं,” बाई हसल्या.

मी कपाट उघडलं. पहिला जबडा काढला, तोंडाशेजारी धरला आणि ओठ कानापर्यंत ताणले.

“ये मेरे हैं.”

पंखासुद्धा श्वास रोखून थांबला. खोटं वाटेल, पण थांबला. लाइट गेली होती.

बाईंनी मला कोपऱ्यात ओढलं. हळू, मराठीत. “वेडी का गं? ठेव ते. प्लास्टर माझं आहे.”

“दात माझे आहेत.”

“बरं. सोमवारपासून तुला तारा लावते. फुकट. ते आत ठेव आणि म्हण, चुकले.”

तारा. हिरवी रबरं. दोन वर्षांत मी रिया. मी बाकी वाटेल तेवढ्या थापा मारेन, इथे नाही. माझा हात कपाटाकडे गेला. वीतभर. मग काचेत रिया दिसली. रुमालानं नाक धरून उभी, जसा काही माझा जबडा वास मारतोय. आणि कपाटातल्या रिकाम्या जागेखालची पाटी. मला तारा लागल्या असत्या, तरी ती तिथेच राहणार होती. माझ्या दातांखाली तिचं नाव.

“नाही चुकले,” मी म्हटलं. मग सगळ्या वेटिंगला कळावं म्हणून हिंदीतही म्हटलं.

जबडा ओढणीत बांधला आणि बस धरली. परत गेले नाही.

दात आजही तसेच आहेत. सरळ दातांची बाई दिसली की आजही पोटात आग पडते. मी ती लपवत नाही. जबडा घरात टीव्हीवर ठेवलाय, पाटीशिवाय. आणि कुणी “जरा हस बघू” म्हटलं, की मी तोंड घट्ट मिटते. हसेन तेव्हा माझ्या मर्जीनं हसेन. टवक्यासकट.