टेपवरचा दीड इंच

पोलीस खात्यात फाईल बंद होते, डोक्यात होत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ‘शस्त्रक्रियेविना चरबी कमी करा’ अशी पाटी कुठे दिसली की ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते. नावे मी कुणाचीच देणार नाही.

दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षे होती. मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराने सिव्हिल हॉस्पिटलची खबर पुढे ठेवली. मखमलाबादकडची एक तरुण मुलगी घरात चक्कर येऊन पडली, दवाखान्यात पोहोचण्याआधीच मयत झाली. घरची गुलाबाची आणि झेंडूची शेती. लग्न ठरलेले. आईवडिलांचा कुणावर संशय नव्हता. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पोस्टमॉर्टेम झाले, व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवला. रोजच्या धबडग्यात प्रकरण तिथेच संपले असते.

काही दिवसांनी ठाण्यात मी एका बाईचा फोन घेतला. आवाज दबका होता.

“ती फुलवाल्यांची मुलगी उगाच चक्कर येऊन गेलेली नाही. गंगापूर रोडच्या लेसर सेंटरमध्ये जायची ती. तिथल्या गोळ्या बघा.”

नाव विचारताच फोन ठेवला गेला.

मी मुलीच्या घरी गेलो. ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता आणि आई यांत्रिकपणे हार ओवत होती. सेंटरचे नाव काढताच तिचे हात थांबले.

“विंचूरचं स्थळ होतं, साहेब. पोरगी पसंत पडली. फक्त म्हणले, लग्नापर्यंत जरा बारीक झाली तर बरं. म्हणून जायची. पर गुण येत होता. कंबर कमी झाली व्हती तिची.”

“गोळ्या घ्यायची का?”

“आता ते काढून काय करायचं?” असे म्हणून ती उठून आत गेली.

थेट धाड घातली असती, तर गोळ्या आधीच मोरीत गेल्या असत्या. आत काय चालते ते पाहायला मी आमच्या एका महिला हवालदारांना गिऱ्हाईक म्हणून पाठवले. अंगाने भरलेल्या, तोंडाने फटकळ, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या बाई. दुपारी त्या परतल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता.

“साहेब, फसवणूक वाटत नाही हो. पोटाला पट्ट्या बांधल्या, लाल उजेड पडला, जरा कोमट लागलं. उठले तर दीड इंच कमी! माझ्यासमोर टेप लावला त्यांनी.”

मी शेजारच्या शिंप्याकडून टेप मागवला आणि दुसऱ्या महिला शिपायाला त्यांचे माप घ्यायला सांगितले. कंबर गणवेश शिवताना होती तेवढीच भरली. बाईंनी टेप हातात घेऊन स्वतः पुन्हा लावून पाहिला. पदर सावरून बाकावर बसल्या. आपण तपासाला गेलो आहोत हे माहीत असूनही त्यांनी विश्वास ठेवला होता. मग त्या मुलीने का ठेवू नये?

त्यांनी गोळ्यांची एक पुडीही आणली होती. पुडीवर ना नाव, ना कंपनी.

पंच घेऊन आम्ही सेंटरवर गेलो. मशीन सील करताना बाहेर थांबलेल्या बायका माझ्याच अंगावर आल्या. “आमच्या राहिलेल्या सिटिंगचं काय?” एकीने विचारले. मुलगी दगावली आहे असे मी सांगितले. ती म्हणाली, “तिने पथ्य पाळलं नसेल.”

मालक स्वतःला डॉक्टर म्हणवत असे. डिग्री कसलीच नव्हती. बोलणे मात्र मधाळ.

“परदेशी तंत्र आहे, साहेब. चरबी वितळते आणि लघवीवाटे निघून जाते.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मशीन विकणाऱ्या माणसाने.”

“आणि गोळ्या?”

“पाचक चूर्णासारख्या आहेत हो.”

सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांचा मी जबाब घेतला. ते म्हणाले, “अशा उजेडाने थोडा फरक पडतो असा दावा करणारे आहेत. मला तो पटलेला नाही. लघवीतून चरबी जात नाही, पाणी जातं.”

‘पाणी’ या शब्दावर मी अडकलो. मशीन चालवणाऱ्या बाईला समोर बसवले. आवाज ऐकताच फोन कोणाचा होता ते कळले. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. चौकशीत कधी कधी दटावण्यापेक्षा तेवढ्यानेच काम होते.

“पहिलं माप पोट सैल सोडायला सांगून, टेप ढिला धरून घ्यायचं,” ती बोलू लागली. “नंतरचं पोट आत ओढायला लावून, टेप ताणून. पण वजनाचा काटा काही हलायचा नाही. लोक वजन विचारतात. मग सरांनी गोळ्या आणल्या. त्याने नुसतं पाणी जातं, वजन उतरतं. त्या मुलीच्या लग्नाची घाई होती. तिला जास्त दिल्या.”

“तिला त्रास होत होता?”

“शेवटी शेवटी तिच्या पायात गोळे यायचे. उठताना भिंत धरायची. मी म्हटलं, आता येऊ नकोस. तर म्हणाली, ताई, एकदा टेप लावा ना.”

व्हिसेराच्या अहवालात त्याच गोळ्यांचा अंश आला; अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी मत दिले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. आरोपपत्र भक्कम आहे असे मला वाटले.

खटला उभा राहिला तेव्हा मशीन चालवणारी बाई गाव सोडून गेली होती, समन्स बजावता आले नाही. विंचूरच्या मंडळींनी ‘आम्ही काहीच म्हणालो नव्हतो’ असे सांगितले. मुलाचे लग्न दुसरीकडे झाले होते. मुलीच्या आईने साक्षीत सेंटरची ओळखच नाकारली. धाकटीला स्थळे येत होती. थोरली कशाने गेली याची चर्चा तिला नको होती. गोळ्या तिला सेंटरमधूनच मिळाल्या हे सिद्ध झाले नाही आणि मालक निर्दोष सुटला. मशीनही परत मिळाले, कारण उजेड पाडणे हा गुन्हा नव्हता. थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यावर नवी पाटी लागली. बाहेर चपलांची रांग होती.

निकालानंतर फुलबाजारात मुलीचे वडील भेटले. मला वाटले, तोंड फिरवतील. ते जवळ आले.

“साहेब, माझी पोर जाडी नव्हती हो. फुलाचं भरलेलं क्रेट एकटी उचलून गाडीत टाकायची. लय दणकट होती.” मग म्हणाले, “पाव्हणे गेल्यावर तिनं भाकरी घेतली. मी म्हनलो, आता दुसरी नको घेऊ. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी जेवायलाच बसली नाय.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांना पकडल्यावर लोक हायसे वाटून घरी जात. या प्रकरणात पकडण्यासारखा एकच माणूस होता आणि तोही सुटला. बाकीचे सगळे तिचे भले चिंतणारे होते. पोलिसाने अशा वेळी काय करावे, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही.