खंडोबाच्या टाकातला परका स्वार

आमच्या गावची वच्छलाबाई दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय दूध घेत नाही. जावयानं आणलेलं तेलही वास घेऊनच डब्यात ओतते. परतवाड्याच्या सोनारावर तर तिचा काडीचा विश्वास नाही, म्हणून चंपाषष्ठीआधी देवाचे टाक ती घरीच उजळते. त्यातला खंडोबाचा टाक सोन्याचा, तांब्याच्या कडेत बसवलेला; तो मात्र आजवर ती नुसता फडक्यानं पुसायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भंडाऱ्याखाली त्याचा घोडा तेवढा कळायचा, बाकी सगळं पिवळं.

यंदा तिनं तो रिठ्याच्या पाण्यात भिजत घातला. हळदीचा थर सुटला आणि खालून वेगळाच स्वार वर आला. हातात तलवार नाही, उघडा पंजा उचललेला. संगती म्हाळसा नाही. भोवती इंग्रजीसारखी, पण कोणालाच अर्थ न लागणारी अक्षरं.

अकोल्याहून सणाला आलेला तिचा दीर गोवर्धन टाकाकडे पाहतच राहिला.

"वैनी, हा आपला देव नाही. आपला कुठी गेला?"

"हाच हाये. धुतला म्हणून असा दिसून राहिला."

"धुतल्यानं तलवार वाहून जाते काय?"

वैनीनं देव विकून भलताच टाक बसवला, हे त्यानं अंगणात चार माणसांत बोलून दाखवलं. यापुढे घरचे देव अकोल्याला आपल्या घरी राहतील, असंही सांगितलं. नवरा गेल्यापासून त्या देवांची पूजा वच्छलाबाईच्या हातची. आता ती पूजा जाणार होती, आणि वर चोरीचा डाग राहणार होता.

अमरावतीच्या एका कॉलेजात देवश्री मॅडम जुनी नाणी ओळखतात, असं कळलं. दोघं एकाच एसटीनं निघाले. टाक बाईच्या कमरेच्या पिशवीत, आणि गोवर्धनची नजर वाटभर पिशवीवर.

मॅडमनाही आधी संशयच आला. "हे तुमच्याकडे कुठून आलं?" असं त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. मग भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.

"हे ओतीव नाही, ठशानं ठोकलेलं आहे. सोनं खरं आहे. घोड्यावर रोमचा बादशहा आहे. असं मोठं नाणं बाजारात चालायचं नाही, सरदारांना, परक्या राजांना मानाची भेट म्हणून मिळायचं. सोळाशे वर्षांपूर्वीचं असावं. फार क्वचित दिसतं."

"मंग वैनीनं हे आणलं कुठून?" गोवर्धन म्हणाला.

मॅडमनी भिंग त्याच्या हातात दिलं. "तांब्याची कडा जिथं दुमडली आहे, तिथं पाहा. आत हळद दगडासारखी बसली आहे. अशी हळद एका सणात बसत नाही. तुमच्या घरात पुजलं गेलं ते हेच नाणं."

गोवर्धननं भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग टाकापुढे हात जोडले.

"देवाले मागून जोड," वच्छलाबाई म्हणाली. "आदी म्हण, वैनीनं बदलवला नाही."

"नाही बदलवला, वैनी. देव तुमच्यापाशीच राहू द्या."

"इथं नको म्हणू. ताराले फोन लाव, तिलेही आयकू दे."

तारा म्हणजे त्याची बायको. त्यानं फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"ते मॅडम वैनीच्या वळखीची त नाही ना?" तारानं विचारलं.

गोवर्धननं घाईनं स्पीकर बंद केला. वच्छलाबाईला मात्र राग आला नाही. ताराच्या जागी असती, तर तिनंही हेच विचारलं असतं.