मधलं वय नसलेली आळी

लोणावळ्यात बाजारामागच्या एका आळीत आम्ही राहायला गेलो, ते चाळीसच्या दशकातले दिवस. वडिलांची रेल्वेत बदली झाली होती. मी दहा वर्षांची, आई अठ्ठावीस.

पहिल्या आठवड्यातच काहीतरी चुकतंय असं मला वाटू लागलं. प्रत्येक ओट्यावर पांढरे केस, पुन्हा पांढरे केस... खेळायला एक मूल नाही आणि आईच्या वयाची एकही बाई नाही.

कारण मला पुढे कळलं. आळीतल्या तरण्या सुना आणि मुलगे १९१८ च्या मानमोडीच्या तापात, त्या मोठ्या फ्लूच्या साथीत गेले. त्यांची मागे राहिलेली पोरं आजीआजोबांनी वाढवली, आणि ती मोठी होऊन बायकांना घेऊन मुंबईच्या गिरण्यांत गेली. उरले ते म्हातारे.

कॉलेजात आम्हाला वयानुसार लोकसंख्येचे आलेख शिकवले. मोठी साथ येऊन गेली की मधला भाग खचतो, असं सर म्हणाले. बाकीच्या मुलींनी ते लिहून घेतलं. मला ते ओटे दिसले...

पण तेव्हा फक्त नजरा होत्या. आई विहिरीवर निघाली की आळीतलं बोलणं थांबायचं. एकीने तिला अडवून विचारलं, "किती वर्साची गं तू?"

"अठ्ठावीस, मावशी."

म्हातारी शेजारणीकडे वळली. "आठ्ठावीस म्हनती." तो आकडा एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर गेला, आळीच्या टोकापर्यंत.

पितृपंधरवडा आला. नवमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गंगूमावशी बोलावणं घेऊन आल्या. नवरा असताना गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, आणि ती जेवल्याशिवाय घरातलं कोणी पानावर बसत नाही.

"माझ्या सुनंच्या नावानं जेवाय ये," मावशी म्हणाल्या. "तुझ्याच वयाची व्हती."

त्यांच्या मागून दुसरी आली, मग तिसरी... दिवेलागणीपर्यंत अख्खी आळी येऊन गेली. इतकी वर्षं कुसगावची एक बाई या घरांतून जेवून जायची. यंदा तिचं कुंकू पुसलं होतं. त्या सुनांच्या वयाची सवाष्ण म्हणून आता एकटी आई!

आई घाबरली. तिला दिवस गेले होते, आणि माझ्या पाठचं मूल जगलं नव्हतं. "मेलेल्या बायकांच्या पाटावर मी नाही बसायची," असं तिने वडिलांना सांगितलं. नवमीला ते ड्यूटीवर गेले, आणि तिने दाराला आतून कडी लावली.

दुपार टळली. कावळे घास उचलून गेले, तरी आळीत भांड्याचा आवाज नव्हता. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं.

धुकं खाली उतरलं होतं. प्रत्येक ओट्यावर एक पाट, पुढे वाढलेलं पान, भोवती रांगोळी... आणि पाटावर कोणी नाही. प्रत्येक पानाशेजारी एक म्हातारी, आमच्या दाराकडे तोंड करून बसलेली. कोणी हाक मारत नव्हतं. कोणी चिडलेलंही दिसत नव्हतं.

समोरचे आबा तेवढे कुरकुरले. "मेलेल्या थांबतील गं, पर आमा जित्यांना भूक लागलीय!"

"गप ऱ्हावा," त्यांची बायको म्हणाली. "तुमी रोजच जेवता. तिला वर्साचं एकदाच मिळतं."

आईने ते ऐकलं. फटीशी येऊन ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग तिने कडी काढली, आमचाच पाट दारात मांडला आणि त्यावर बसली.

"मला पोट एकच आहे," ती मोठ्याने म्हणाली, "आणि तेही सध्या माझं एकटीचं नाही. पानं इथे आणा. प्रत्येकीचा एक घास घेईन."

त्या आल्या. एकेक म्हातारी घास पुढे करायची आणि सुनेला हाक मारायची. "ठकू, घे गं." आई "ओ" म्हणून घास घ्यायची. "राधी, घे गं." "ओ."

हाक मारणारीची नजर आईवर नसायची... तिच्या किंचित मागे असायची. तिथे मी उभी होते. मी मागे वळून पाहिलं नाही.

सगळ्यांत शेवटी एक पार वाकलेली म्हातारी आली. तिने घास पुढे धरला, पण नाव काही येईना. तिची सून वैशाखात घरात आली नि दसऱ्याच्या आत गेली.

"लग्नात नाव ठिवलं व्हतं गं... पर त्या नावानं कुनी हाकच मारली न्हाई. समदी पोरी पोरी म्हनायची." तिने आळीकडे पाहिलं. कोणालाच आठवेना. "बिननावाची तशीच उपाशी ऱ्हाईल."

आईचा एक हात पोटावर होता.

"माझं घ्या," ती म्हणाली. "इंदू म्हणा."

"इंदू, घे गं."

"ओ," आई म्हणाली. मग आळी जेवायला बसली.

फाल्गुनात माझी बहीण झाली, धडधाकट. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, ठेवणाऱ्यांशी वादही घालते. नव्वदी ओलांडली तरी त्यात बदल नाही. पण त्या दुपारनंतर आईला कोणी नावाने हाक मारली की ती लगेच ओ देत नसे. थोडं थांबायची... आधी दुसऱ्या कोणाला तरी ओ देऊ द्यावी, तशी.