दोनदा बदललेला घर नंबर

एका तांब्यावर कोरलेलं नाव मला नोकरी सोडल्यावरही पाठ आहे. ते इथे लिहिणार नाही. या प्रकरणातल्या कुणाचंच लिहिणार नाही.

राज्याची फेररचना नुकतीच झाली होती. अमरावतीच्या आमच्या ठाण्यात बहुतेकजण नव्याने बदलून आलेले, गल्ल्यांची ओळख कुणालाच नाही. मी फौजदार होते. बायकांचे जबाब आणि घरांच्या झडत्या माझ्याकडे असत. त्याच सुमारास नगरपालिकेने सगळ्या घरांचे नंबर बदलले आणि जुना नंबर, नवा नंबर असा तक्ता आम्हाला पाठवला. ठाण्याचे लेखनिक, म्हणजे मोहरीर, यांनी तक्ता समोर ठेवून गुन्हेगारांच्या रजिस्टरातले सगळे नंबर बदलले. जुना आकडा ब्लेडच्या पात्याने खरवडायचा, त्या जागी नवा लिहायचा. पानं इतकी स्वच्छ दिसत होती की साहेबांनी शाबासकी दिली.

मग एका सकाळी खबऱ्या आला. जवळच्या खेड्यात एका शेतकऱ्याकडे घरफोडी होऊन तांब्यापितळेची भांडी गेली होती. "बडनेऱ्याचा तो जुना चोर होता, बाई," खबऱ्या म्हणाला. "माल नेहमीच्या घरी टाकला अन् गाडीनं निंगून गेला."

नेहमीचं घर कोणतं, ते रजिस्टरात चोराच्या नावापुढे होतं. फक्त नंबर: त्रेसष्ट.

त्रेसष्टमध्ये एक भिक्षुक आणि त्यांची बायको राहत होते. माळ्यावर तांबे, गडवे, पेले, परातींचा ढीग निघाला. प्रत्येकावर वेगळं नाव.

"महाराज, ही भांडी कोणाची?"

"माझी."

"नावं तर लोकांची आहेत."

"लोकांनीच दिली."

"कशाबद्दल?"

"यजमानांच्या घरच्या गोष्टी मी बोलत नसतो," ते म्हणाले.

हवालदार मागून म्हणाला, "बाई, हे तं दुकानच निंगालं."

पंचनामा केला. भांडी उघड्या हातगाडीवर रचून भर बाजारातून ठाण्यात आणली आणि महाराजांना बाकावर बसवलं. त्या आठवड्यात एका मोठ्या यजमानाकडे त्यांना लग्न लावायचं होतं. दुपारीच त्या घरचा माणूस फाटकातून डोकावून गेला आणि पाठोपाठ निरोप आला: दुसरे गुरुजी पाहिले आहेत. महाराजांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. हे एक घर सुटलं की बाकीची सुटायला वेळ लागणार नव्हता.

मी त्यांच्या बायकोला आत बोलावलं.

"काकू, खरं सांगा."

"त्या भांड्यांतून आमी पानी पेत नाही, बाई."

"का?"

"त्यावरच्या नावांतलं एकही मानूस आता जित्तं नाही. गेलेल्याच्या वापरातलं भांडं तेराव्याले बामनाले दान देतात. कोनी तरी घ्यायलेच पायजे ना. तुमच्या बापाचा गडवा आमच्या माळ्यावर आहे, असं सांगत फिरलो तं आमाले दारात कोन उभं करीन?"

माझा विश्वास बसला नाही. असं चटकन बसतही नसे. नावं नगरपालिकेच्या मृत्यूनोंदीशी ताडून पाहिली. जुळली. फिर्यादी शेतकऱ्याला ढीग दाखवला. तो वैतागला, "माझं घंगाळ नाही यात. हे कोनाचं उचलून आनलं?"

आता मला रजिस्टराचा संशय आला. ते पान खिडकीशी धरलं. बाकी आकड्यांखाली कागद जरासा पातळ होता. या नोंदीपाशी जवळजवळ आरपार उजेड येत होता. इथे दोनदा खरवडलं होतं. मोहरीरांनी पैसे खाऊन खरा नंबर लपवला, अशी माझी खात्री झाली.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"दोनदा? म्या तं तक्त्याप्रमानं केलं, बाई."

"करून दाखवा."

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ही वरची ओळ घेतली. हा नंबर रजिस्टरात जिथं जिथं आहे, तिथं बदलला. मंग खालची ओळ. पुन्हा सारं रजिस्टर. एक नंबर सुटू देला नाही."

बोट सरकत होतं. चौदापुढे एक्केचाळीस. बरंच खाली एक्केचाळीसपुढे त्रेसष्ट. तिथे ते थांबलं. चोर माल टाकत असे त्या घराचा जुना नंबर चौदा. त्यांनी तो एक्केचाळीस केला. पुढे जुने एक्केचाळीस शोधत पुन्हा त्या पानावर आले, तेव्हा आपणच लिहिलेला आकडा जुना समजून त्रेसष्ट करून टाकला.

"मंग असे अजून कितीकांचे झाले असतीन?" मोहरीरच हळू म्हणाले.

नव्या एक्केचाळीसमध्ये सरकीच्या पोत्यांमागे घंगाळ सापडलं.

महाराजांची भांडी मी दिवसाउजेडी परत पाठवली. काकूंनी पाहून सांगितलं, एक तांब्या कमी आहे. शोधला, तर तो आमच्याच पाण्याच्या माठावर. हवालदाराने सोयीचा म्हणून उचलला होता आणि सगळं ठाणं त्यातून पाणी पीत होतं. मीसुद्धा.

"काकू, आमी तं यानंच पानी पेलो," हवालदार कसाबसा बोलला.

"पेले तं पेले. आता त्या यजमानाले जाऊन सांगा, चोर कोन होतं ते."

मी स्वतः गेले. यजमानांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंन, बाई. पन भांडी तं निंगाली होती ना त्याच्या घरातून?"

मी सगळ्या नोंदी पुन्हा तपासून घेतल्या. जुना आकडा खरवडणं बंद केलं. वरून एक रेघ मारायची, खालचा वाचता आला पाहिजे. आणि कुणाच्या घरातून सामान उचलायचं झालं, तर मी ते गोणपाटात बांधून, झाकून नेत असे. हवालदार कुरकुरे, एवढा उपद्व्याप कशाला. मी सांगे, ते कोणाचं आहे हे अजून ठरायचं आहे.